पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू असताना ‘मेंदूच्या शक्ती’च्या कॅप्सूल घ्याव्यात का?

वाचकाचे पत्र

माझे यजमान ६८ वर्षांचे असून ते एस.टी. महामंडळातून निवृत्त झाले आहेत. त्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा, सकाळी रासाजिलीन आणि कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल दोन वेळा, अशी औषधे चालू आहेत. अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे रोज अ‍ॅस्पिरिनही असते. वर्षभरापासून त्यांना नावे पटकन आठवत नाहीत, बोलताना शब्द अडतात आणि दूधवाल्याचा हिशेब चुकतो. हे ऐकून अमेरिकेतील मुलाने मेंदूची शक्ती वाढवणाऱ्या कॅप्सूल पाठवल्या. त्या तीन आठवडे रोज दोन देत आहे. शिवाय माझे दीर दिवाळीपासून कवचबीज आणि अश्वगंधा यांची चूर्णे आणून देतात. ती सकाळ-रात्र दुधातून चालू आहेत. हल्ली दुपारच्या गोळीनंतर यजमानांची मान आणि खांदे आपोआप वळवळतात, अंघोळीहून उठताना त्यांना अंधारी येते, आणि दोनदा संध्याकाळी “खोलीत ही कुणाची मुले बसली आहेत?” असे त्यांनी विचारले. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना चूर्णाचे किंवा कॅप्सूलचे काही सांगितलेले नाही. सगळे म्हणतात, नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत जोडला आहे. मी काय करावे?

— एक वाचक, सातारा जिल्हा

सौ. ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर पुढे देणारच आहे, पण त्याआधी तातडीचे सांगते. कॅप्सूल आजपासून बंद करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली एकही गोळी स्वतःहून कमी करू नका किंवा चुकवू नका. चूर्णाबद्दल मात्र उद्या सकाळीच तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन करा आणि ते कधीपासून व किती चालू आहे हे सांगून ते कसे कमी करायचे हे विचारून घ्या. अनेक महिने रोज पोटात जाणारे कवचबीज एका दिवसात बंद केले, तर शरीराला त्यातून मिळणारे लेव्होडोपा अचानक तुटते आणि अंग एकाएकी ताठरू शकते. त्यांना ताप येऊन अंग लाकडासारखे कडक झाले, ते भ्रमिष्टासारखे बोलू लागले, छातीत दुखले, डोके असह्य दुखू लागले किंवा ते पडून डोक्याला मार लागला, तर फोनची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या, आणि जाताना कॅप्सूलची बाटली व चूर्णाचा डबा बरोबर ठेवा.

मान-खांद्यांची वळवळ, उठताना येणारी अंधारी आणि नसलेली मुले दिसणे या तिन्ही गोष्टी पार्किन्सन्समध्ये आजार वाढल्यामुळेही होऊ शकतात. परंतु लेव्होडोपाची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली की हीच तीन लक्षणे दिसतात, आणि तुमच्या घरी ती मात्रा कोणाच्याही लक्षात न येता वाढलेली आहे, असे तुमचे पत्र वाचून मला वाटते. ती कशी वाढली असावी, हे समजावून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाईल.

कवचबीज म्हणजे आपल्या रानातल्या खाजकुइलीचे बी. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की काय खाज सुटते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. याच बियांमध्ये लेव्होडोपा असते, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. त्या वेळी या पदार्थाचा पार्किन्सन्सशी असलेला संबंध कोणालाच माहीत नव्हता. पुढे १९५७ साली स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन हे औषध देऊन निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा देऊन पुन्हा हालते केले, १९६१ साली व्हिएन्नामध्ये ते रुग्णांना देऊन पाहण्यात आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते पार्किन्सन्सचे मुख्य औषध झाले. तेव्हा तुमच्या दिरांनी आणलेले चूर्ण निरुपयोगी आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. ते काम करते, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. यजमानांच्या गोळीत जे औषध आहे तेच या चूर्णातही आहे, फक्त चूर्णात ते किती आहे हे डब्यावर लिहिलेले नाही.

थोडा हिशेब करून पाहू. कवचबिजात लेव्होडोपाचे प्रमाण साधारणपणे तीन ते सहा टक्क्यांच्या आसपास आढळते. ते जमीन, जात, बी किती पक्व होते आणि चूर्ण कसे केले यांवर बदलते. चहाचा एक सपाट चमचा चूर्ण तीन ग्रॅम धरले, तर त्यातून सुमारे ९० ते १८० मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जाते. चमचा भरगच्च असेल तर याहून जास्त. नेहमीच्या गोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे सकाळ-रात्रीचे दोन चमचे हे दोन ते चार जादा गोळ्यांइतके होऊ शकतात. एरवी नुसत्या चूर्णातील लेव्होडोपाचा बराचसा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीरात खर्ची पडतो. तो पडू नये म्हणूनच गोळीत कार्बिडोपा घातलेले असते. यजमानांच्या रक्तात ते कार्बिडोपा असतेच, त्यामुळे चूर्णातील लेव्होडोपालाही त्याचे संरक्षण मिळते आणि नुसते चूर्ण घेणाऱ्या माणसापेक्षा त्यांच्यावर त्याचा परिणाम अधिक होतो. शिवाय ते सकाळी रासाजिलीन घेतात, जे मेंदूतील डोपामिन (लेव्होडोपापासून बनणारे, हालचालींना लागणारे रसायन) लवकर संपू देत नाही. तिन्हींचा मिळून परिणाम तुम्हाला दुपारच्या गोळीनंतर दिसतो आहे.

डब्यावर प्रमाण छापलेले असते तर प्रश्न सुटला असता का? तेवढ्यानेही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कवचबिजाच्या १६ पूरकांची (आहाराला जोड म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांची) तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा एका वेळच्या मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम तर कुठे २४१ मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाले. डॉक्टर गोळीची मात्रा पाव-पाव गोळीने, आठवड्या-आठवड्याने वाढवतात किंवा कमी करतात. त्याच माणसाला शेजारून एक चमचा आज दोन मिलिग्रॅम आणि पुढचा डबा आणल्यावर दोनशे मिलिग्रॅम देऊ लागला, तर त्या काटेकोरपणाला काही अर्थ राहत नाही. आणि डॉक्टरांना चूर्ण माहीतच नसेल, तर भास होतात म्हणून ते भासांची गोळी लिहून देतील आणि खरे कारण दुधाच्या पेल्यातच राहील.

अश्वगंधेबद्दल थोडक्यात सांगते. तिने झोप येते, रक्तदाब उतरू शकतो, थायरॉइडच्या पातळीत फरक पडू शकतो, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. पार्किन्सन्समध्ये उभे राहिल्यावर रक्तदाब आधीच घसरतो आणि लेव्होडोपाने तो आणखी घसरतो. अंघोळीहून उठताना अंधारी येणाऱ्या माणसाला तिसरे कारण जोडू नये, एवढेच माझे म्हणणे. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर यजमानांना पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, आणि उभे केल्यावर एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. ते उभे असताना तुम्ही जवळ उभ्या राहा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिकने उतरत असेल, तर ते आकडे उद्याच्या फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवा.

आता मुलाने पाठवलेली बाटली. फोटो मोठा करून मी घटकांची यादी ओळीने वाचली. वर मोठ्या अक्षरांत स्मृती, एकाग्रता, स्पष्टता असे शब्द आहेत आणि प्रत्येक दाव्याच्या शेवटी एक बारीक तारका आहे. ती तारका बाटलीच्या तळाशी चौकटीतल्या एका वाक्याकडे नेते. त्या वाक्यात असे लिहिले आहे की, हे दावे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेले नाहीत आणि हे उत्पादन कोणत्याही आजाराचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. हे वाक्य तेथील १९९४ च्या कायद्याने छापावेच लागते. त्या कायद्यानुसार असे पूरक बाजारात आणण्यापूर्वी ते उपयोगी आहे हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही. मुलाने ते मोठ्या, नामांकित दुकानातून घेतले असेल यात मला शंका नाही, पण दुकान चांगले असल्याने या वाक्यात फरक पडत नाही.

यादीत पहिल्यांदा बी-६ जीवनसत्त्व आहे, एका कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला १००. प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली दिवसाची सुरक्षित कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. जास्त मात्रेचे बी-६ महिनोन्‌महिने चालू राहिले की पायांच्या नसांना इजा होते, तळव्यांना मुंग्या येतात आणि पाऊल कुठे पडते आहे याचा अंदाज चुकतो. पार्किन्सन्सच्या माणसाचा तोल आधीच डळमळीत असतो. पूर्वी लेव्होडोपा एकट्याने दिले जाई, तेव्हा बी-६ मुळे त्याचा परिणाम कमी व्हायचा. कार्बिडोपा जोडल्यापासून ती अडचण जवळजवळ मिटली आहे. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कार्बिडोपा शरीरातील बी-६ अडवून ठेवते, त्यामुळे लेव्होडोपा-कार्बिडोपाची मोठी मात्रा घेणाऱ्यांमध्ये त्याची कमतरताही होऊ शकते. म्हणून हे जीवनसत्त्व वाईट नाही. ते द्यायचे की नाही आणि किती, हे तपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

त्यानंतर यादीत ‘विशेष मिश्रण’ या नावाखाली पाच पदार्थ एकत्र लिहिले आहेत आणि वजन फक्त सगळ्यांचे मिळून दिले आहे. कोणता किती, हे कळायला मार्ग नाही. त्यातील हुपरझीन-ए हा चीनमधील क्लबमॉस गटातल्या एका वनस्पतीतून काढलेला पदार्थ मेंदूतील संदेशवाहक रसायन अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतो. यजमान कंपासाठी घेत असलेले ट्रायहेक्सिफेनिडिल नेमके त्याच अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम अडवते. म्हणजे एकाच न्याहारीनंतर एकमेकांच्या विरुद्ध काम करणारी दोन औषधे त्यांना दिली जात आहेत. हुपरझीनने नाडी मंद होऊ शकते, मळमळ होते आणि कंपही वाढू शकतो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या नाडीशी असा खेळ करू नये.

दुसरा आहे जिंको, म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. तो अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर औषधांबरोबर घेतल्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, आणि पार्किन्सन्सची माणसे पडतात. पडल्यावर डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका त्यामुळे वाढू शकतो. तिसरा टायरोसीन, हा प्रथिनांचाच एक घटक. मेंदू डोपामिन टायरोसीनपासूनच बनवतो, म्हणून ते दिल्याने डोपामिन वाढेल असा तर्क बाटलीवर मांडलेला असतो. प्रत्यक्षात या आजारात ते बनवणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात, आणि आतड्यातून व पुढे मेंदूत शिरताना टायरोसीन व लेव्होडोपा एकाच वाटेने जातात, त्यामुळे गोळीचाच परिणाम उशिरा किंवा कमी होऊ शकतो. (हीच अडचण डब्यातल्या प्रोटीन पावडरीची आहे. ती गोळीच्या वेळेला देऊ नका. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण लोह लेव्होडोपाला आतड्यातच धरून ठेवते.) चौथी ब्राह्मी.

पाचव्या नावावर मी थांबले. ते सेंट जॉन्स वर्ट आहे. ही वनस्पती युरोप-अमेरिकेत मनाच्या उदासीवर घेतली जाते आणि ती मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन वाढवते. रासाजिलीन चालू असलेल्या माणसाला ती देऊ नये, असे रासाजिलीनच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलेले असते. दोन्ही एकत्र आली तर घाम, ताप, थरथर, गोंधळ आणि रक्तदाबातील चढउतार अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. तीन आठवड्यांत तसे झाले नाही हे सुदैव आहे, पण तेवढ्या भरवशावर चौथा आठवडा सुरू करू नका. याच कारणाने खोकल्याचे औषध घेतानाही केमिस्टला आधी विचारा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधे रासाजिलीनबरोबर चालत नाहीत, आणि ती आपल्याकडे सर्रास हातात दिली जातात.

तुमच्या यादीत नाही, तरी एका वनस्पतीचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण झोप लागत नाही किंवा रक्तदाब वाढला म्हणून ती कधीही तुमच्या घरात येऊ शकते. ती म्हणजे सर्पगंधा. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. पण तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य मेंदूतील डोपामिनचा साठाच रिकामा करते. कार्लसन यांचे ससे ज्या रेसर्पिनने निश्चल झाले होते, ते हेच. पार्किन्सन्स असलेल्या माणसाला सर्पगंधा असलेली वटी देणे म्हणजे चार गोळ्यांनी जे मिळवले ते एका वटीने घालवणे. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ या वाक्याला माझे उत्तर एवढेच आहे. वाटल्यास दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

तरीही तुमच्या मनात येईल की, अपाय नसलेले एखादे पूरक आजार तरी थांबवत असेल, निदान स्मृती तरी सुधारत असेल. ही आशा संशोधकांनाही होती आणि त्यांनी ती मोठ्या चाचण्यांतून प्रामाणिकपणे तपासून पाहिली. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ८०० रुग्णांना देऊन पाहिली, निष्कर्ष १९९३ साली आले, आजाराचा वेग कमी झाला नाही. को-एन्झाइम क्यू-टेन ६०० रुग्णांवर तपासले, निष्कर्ष २०१४ साली आले, उपयोग दिसला नाही. क्रिएटिन १,७४१ रुग्णांना दिले, तेही २०१५ साली तसेच ठरले. इनोसीनच्या २०२१ सालच्या निष्कर्षांत उपयोग तर नव्हताच, वर मूतखडे वाढले. जिंकोचे म्हणाल, तर तीन हजारांवर वयस्क लोकांना काही वर्षे तो देऊन पाहिला, आणि स्मृतिभ्रंश टळत नाही असे २००८ साली स्पष्ट झाले. ते लोक पार्किन्सन्सचे नव्हते, पण वयस्कांची स्मृती हाच तिथला प्रश्न होता. ब्राह्मीवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि बहुतेक निरोगी माणसांवरचे आहेत. यजमानांच्या आजारात तिच्यावर विसंबावे असे त्यांत काही नाही.

म्हणूनच मला वाटते की, नवे काय द्यावे या प्रश्नाआधी आहे त्यातले काय विसरायला लावते आहे, हा प्रश्न विचारायला हवा. तुमच्या यादीत माझे बोट पहिल्यांदा ट्रायहेक्सिफेनिडिलवर पडते. ही गोळी तरुण रुग्णाचा कंप चांगला कमी करते, पण साठी-पासष्टीपुढच्या माणसात ती स्मृती पुसट करते, गोंधळ वाढवते, तोंड कोरडे करते, बद्धकोष्ठ आणि लघवीचा अडथळाही करते. अनेक तज्ज्ञ वय वाढल्यावर ती हळूहळू काढून घेतात. ती मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्यानेही त्रास होतो. परंतु “ही गोळी आता लागते का?” हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. माझ्या मते तुमच्या पुढच्या भेटीतील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्याही असेच करतात. त्या चालू असतील तर यादीत लिहा.

दुसरी शंका बी-१२ ची. शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी आढळते, आणि दीर्घकाळ लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्येही कमी असू शकते. कमी बी-१२ मुळे विसर पडतो, पायांना मुंग्या येतात आणि तोल जातो. हे सगळे सहज पार्किन्सन्सच्या नावावर खपून जाते. रक्ताची एक साधी तपासणी पुरते, आणि कमतरता निघाली तर गोळी किंवा इंजेक्शन हा तिचा खरा उपचार आहे. येथे पूरक घ्यायलाच हवे. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन याच वेळी पाहून घ्यावे. याखेरीज लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रात्रीची मोडलेली झोप, मोठ्या आवाजातले घोरणे, ऐकू कमी येणे आणि मनाची उदासी, यांतले काहीही स्मृती झाकोळू शकते. उदासीबद्दल विशेष सांगावेसे वाटते. आयुष्यभर एस.टी.च्या धबडग्यात वावरलेला माणूस घरात बसून राहिला आणि बोलायला अडखळू लागला की, तो विसरतो आहे की गप्प झाला आहे हे घरच्यांनाही ओळखता येत नाही. पार्किन्सन्समध्ये उदासी हा आजाराचाच भाग असतो आणि तिच्यावर उपचार आहेत. मात्र रासाजिलीन चालू असल्यामुळे तेही औषध मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवूनच सुरू करावे.

हे सगळे तपासूनही स्मृती घसरत राहिली, तर पार्किन्सन्समधील स्मृतिभ्रंशावर रिव्हास्टिग्मिन हे औषध आहे, ज्याचा मर्यादित पण खरा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. ते हुपरझीनच्याच जातीचे काम करते. फरक असा की, त्याची मात्रा माहीत असते, ती हळूहळू वाढवली जाते, आणि नाडी, पोट व कंप यांवर लक्ष ठेवणारा डॉक्टर समोर असतो. आणि व्यायाम. चालणे, शक्य असेल तर ट्रेडमिलवर देखरेखीखाली वेगाने चालणे, सायकल, तालावर पावले टाकणे, मोठ्याने वाचणे, गाणे म्हणणे. यांनी हालचाल, तोल, झोप आणि मन या सगळ्यांना फायदा होतो. त्यांच्या हृदयाचा इतिहास पाहता किती जोराने व्यायाम करायचा हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या दोन्ही संस्था रुग्णांना आणि त्यांच्या शुभंकरांना, म्हणजे काळजी घेणाऱ्यांना, एकत्र आणतात. त्यांच्याशी संपर्क साधा. तुम्हालाही बोलायला कोणीतरी हवे आहे, हे पत्रात तुम्ही लिहिले नसले तरी मला जाणवले.

डॉक्टर रागावतील ही भीती मी समजू शकते. आपल्याकडे ओपीडीतील गर्दी आणि डॉक्टरांचा सूर पाहून माणसे अर्ध्या गोष्टी गिळून परत येतात. तरीही ही गोष्ट सांगाच. एका कागदावर सगळे लिहा: गोळीचे नाव, मात्रा, घड्याळातली वेळ, चूर्ण कधीपासून, चमचा कोणता, दूध किती, कॅप्सूल किती दिवस. त्याखाली वळवळ, अंधारी आणि भास कोणत्या तारखेला, गोळीनंतर किती वेळाने, हे लिहा. वळवळ सुरू असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवा, कारण दवाखान्यात ती नेमकी दिसत नाही. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि म्हणा, “आमच्याकडून हे चालू होते, आता कसे कमी करायचे ते सांगा.” बहुतेक डॉक्टर कोडे सुटल्याच्या समाधानाने तो कागद वाचतील. एखादा रागावला तरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली असेल.

दिरांचा मान राखून त्यांना सांगा की, चूर्णात गोळीतलेच औषध आहे, म्हणून दोन्ही एकाच माणसाने मोजून द्यायला हवे. त्यांची आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जरूर जावे, पण गोळ्यांची पूर्ण यादी वैद्यांना आणि वैद्यांचे कागद डॉक्टरांना दाखवूनच. सुटे चूर्ण किंवा बिनपरवान्याच्या डब्या नकोत. इंटरनेटवरून मागवलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत साधारण पाचातल्या एका नमुन्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आणि मेंदूचा आजार बरा करून देतो अशी जाहिरात कुठे दिसली, तर अशा दाव्यांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे लक्षात असू द्या. औषधाने किंवा पूरकाने त्रास झाला तर तो १८००-१८०-३०२४ या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येतो. तुमच्या डॉक्टरांशी बोलून झाल्यावर ही नोंदही करावी, कारण अशा नोंदींतूनच पुढच्या घरांना इशारा मिळतो.

मुलाला मात्र दोष देऊ नका. दूर राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काही पाठवावे असे वाटते आणि बाटली हे पाठवायला सर्वांत सोपे असते. त्या बाटलीवर दरमहा जेवढे खर्च होतात, तेवढ्यात साताऱ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकेल, असे त्याला सुचवा. शिवाय रोज ठरलेल्या वेळी त्याने व्हिडिओ कॉल करून वडिलांकडून जुन्या एस.टी. मार्गांची गावे क्रमाने वदवून घ्यावीत, आणि ते अडखळले तर गाव लगेच न सांगता थांबावे.